बीच ब्रेकसाठी लाँगबोर्ड : आधी वाळू बघा, मग बोर्ड

लाँगबोर्डचे, म्हणजे लाटेवर उभं राहून सर्फिंग करायच्या लांब फळीचे, जे व्हिडिओ मोबाईलवर दिसतात, ते बहुतेक पॉइंट ब्रेकवरचे असतात. कॅलिफोर्नियातलं मालिबू किंवा ऑस्ट्रेलियातलं नूसा इथे लाट जमिनीच्या टोकाला वळसा घालून येते, एका बाजूने संत्र्याची साल निघावी तशी उलगडत जाते, आणि वर उभ्या असलेल्या माणसाला चालत चालत बोर्डच्या पुढच्या टोकापर्यंत जायला सवड देते. आपल्याकडे वर्सोवा, आक्सा, गोराई, विरारजवळचं राजोडी, खाली गोव्यातलं मोरजी-आश्वे, सगळीकडे लाट फुटते ती वाळूवर. याला बीच ब्रेक म्हणतात. पाण्याखालचा वाळूचा दांडा लाटेला अडवतो, लाट उभी होते आणि थोडक्यात कोसळते. कधी डावीकडे चार-पाच सेकंद पळायला मिळतं, कधी सगळी भिंत एका दमात खाली येते. या दुसऱ्या प्रकाराला क्लोजआउट म्हणतात, आणि आपल्याकडे तो फार वेळा भेटतो.

व्हिडिओतला बोर्ड घेऊन इथे उतरलं की टेक-ऑफलाच, म्हणजे लाट पकडून उभं राहतानाच, त्याचं टोक पाण्यात घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. तो बिचारा समजतो आपल्यालाच जमत नाही. पुष्कळदा चूक बोर्डच्या आकाराची असते. ती टाळता यावी म्हणून हा लेख आहे. भाड्याच्या फोमच्या बोर्डवर दहा-बारा वेळा उभं राहून झालं आहे आणि आता स्वतःचा बोर्ड घ्यायचा आहे, अशा माणसासाठी तो लिहिला आहे. अजून एकदाही उभे राहिला नसाल तर थांबा. ८ फुटी सॉफ्ट टॉप, म्हणजे मऊ फोमचा बोर्ड, भाड्याने घ्या, शिकवणाऱ्याबरोबर उतरा, आणि मग इकडे या.

पुढे येणारे शब्द एकदा सांगून ठेवतो. बोर्डचं पुढचं टोक म्हणजे नोज, मागचं म्हणजे टेल, दोन्ही कडा म्हणजे रेल, तळाला बसवलेला पर म्हणजे फिन, आणि बाजूने बघितल्यावर होडीसारखी जी कमान दिसते ती रॉकर. मधोमध जी लाकडाची पट्टी जाते ती स्ट्रिंगर.

पायरी १ : किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहा

बोर्डच्या दुकानात किंवा ऑनलाइन यादीत शिरण्याआधी, तुम्ही जिथे जास्तीत जास्त वेळा उतरणार आहात त्या किनाऱ्यावर जा आणि लाटा मोजा. एका जागी उभं राहून वीस लाटा बघा. किती लाटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुटत गेल्या, किती एकदम कोसळल्या, हे मोबाईलमध्ये टिपून ठेवा. लाट फुटताना तिचा पुढचा उतार जिन्यासारखा खडा होतो की रॅम्पसारखा सौम्य राहतो, तेही लिहा. हेच भरतीच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर करा.

तीन टप्पे का, ते मुंबईत समजून घ्यायलाच हवं. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा पालिका आधीच जाहीर करते, त्या याचसाठी. जुहू-वर्सोव्याला ओहोटीला पाणी लांबवर मागे जातं. तिथे तळ जवळजवळ सपाट असतो, म्हणून लाट लांबूनच फेसाळत, दमल्यासारखी येते. भरतीला तेच पाणी पुळणीच्या वरच्या, जास्त उताराच्या भागाला येऊन भिडतं आणि लाट काठावरच आपटते. म्हणजे एकाच किनाऱ्यावर सकाळी एक लाट, दुपारी वेगळी. नवख्याला बरी लाट मिळते ती अधल्यामधल्या पाण्यात.

वेळेचा अंदाज कोकणातल्या जुन्या हिशेबाने येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला साधारण ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा. आमचा सल्ला असा की सुरुवातीचे दिवस अष्टमीच्या आसपासचे, म्हणजे भांगाचे निवडा. तेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ कमी असते, आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान अर्धी भरती उतरलेली सापडते. त्यातच पहाटेचा मतलई वारा अजून जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी खारा वारा सुटला की तोच चेहरा खडबडीत होतो आणि कुठलाही बोर्ड वाईट वाटायला लागतो. बोर्डची पारख खाऱ्या वाऱ्यात करू नका.

महिन्यांबद्दल एकदाच आणि स्पष्ट : जून ते ऑगस्ट नवख्याने मुंबईच्या समुद्रात बोर्ड घेऊन उतरू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, कोळीवाड्यातली माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावत नाहीत. त्यांच्यापेक्षा दर्या आपल्याला जास्त कळत नाही. आक्साला तर ओढीमुळे चांगले पोहणारेही बुडाले आहेत. जीवरक्षकाने नाही म्हटलं की नाही. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, नंतर ती हळूहळू परत येते, म्हणून ऑक्टोबरात दांडे नव्या जागी असतात. मागच्या मे महिन्यात लाट जिथे छान फुटत होती तिथेच ती असेल, असं धरून चालू नका. वीस लाटा पुन्हा मोजा.

आता ती नोंद वाचा. वीसपैकी बारा-चौदा लाटा एकदम कोसळत असतील आणि उतार खडा असेल, तर पुढे जिथे जिथे दोन पर्याय येतील तिथे जास्त रॉकरचा, थोडा आखूड, तीन फिनांचा बोर्ड घ्या. लाटा मऊ, फेसाळ आणि सौम्य असतील तर कमी रॉकर, जास्त रुंदी.

पायरी २ : वजनावरून लांबी, रुंदी, जाडी

लाँगबोर्ड म्हणजे ९ फूट किंवा त्याहून लांब. साडेसात-आठ फुटांचे गोल टोकाचे बोर्ड मिनी-माल म्हणून विकले जातात. ते वाईट नाहीत, पण हा लेख त्यांचा नाही.

तुमचं वजन ५० ते ६० किलो असेल तर ९ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड बोर्ड पुरतो. त्याचं घनफळ ६२ ते ६६ लिटरच्या आसपास येतं. ६० ते ७५ किलोला ९ फूट ते ९ फूट २ इंच, रुंदी २३ इंचांपर्यंत, जाडी ३ इंचांच्या आत-बाहेर, ६६ ते ७४ लिटर. ७५ ते ९० किलोला ९ फूट ४ इंच, सव्वातेवीस इंच, ३ इंचांहून थोडा जाड, ७४ ते ८२ लिटर. त्याहून वजन जास्त असेल तर ९ फूट ६ इंचांच्या खाली येऊ नका.

इथे दोन उलट चुका होतात. पहिली, जमायला लागेल तेव्हा मोठा पडेल या धाकाने लहान बोर्ड घेणं, मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घेतात त्याच्या बरोबर उलट. कमी लिटरचा बोर्ड पॅडल करताना, म्हणजे पोटावर झोपून हातांनी पाणी मारत पुढे जाताना, अर्धा पाण्यात राहतो, लाट हातची जाते, आणि जी मिळते ती उशिरा मिळते. उशिरा मिळालेली लाट म्हणजे खडी लाट. दुसरी चूक, जितका मोठा तितका सोपा असं समजून १० फुटी घेणं. पॉइंट ब्रेकवर बाजूने, लाटा न फुटणाऱ्या पाण्यातून बाहेर जाता येतं. बीच ब्रेकवर फेसाच्या भिंतींमधूनच जावं लागतं. लाँगबोर्ड लाटेखाली बुडवून नेता येत नाही. त्याला धरून पालथं व्हावं लागतं आणि लाट वरून जाऊ द्यावी लागते. १० फुटी बोर्डला प्रत्येक फेस दोन-तीन मीटर मागे ओढतो. पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. ९० किलोपर्यंत ९ फूट ते ९ फूट ४ इंच ही आपल्या किनाऱ्यांची मापं आहेत.

पायरी ३ : रॉकर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विक्रेता लांबी-रुंदी-जाडी सांगतो, रॉकर क्वचितच सांगतो, आणि बीच ब्रेकवर बोर्ड चालतो की नाही ते त्यावरच ठरतं.

लाट खडी झाली की तिच्या पोटात एक वळण तयार होतं. बोर्ड वरून खाली घसरतो तेव्हा ९ फुटांची सरळ फळी त्या वळणात बसत नाही. टेल वर लाटेत असते, नोज खाली सपाट पाण्याला भिडतं आणि घुसतं. याला सर्फर मंडळी पर्ल होणं म्हणतात. नोज जितकं वर उचललेलं, तितकी घुसायची भीती कमी. मग भरपूर रॉकर घ्यावा का? नाही. रॉकर वाढला की बोर्ड पुढचं पाणी ढकलत चालतो, पॅडलचा वेग पडतो, लाट उशिरा पकडली जाते, आणि लाट तोवर जास्त खडी झालेली असते. जे टाळायला गेलो तेच समोर येतं. मुंबईच्या आसपासच्या लाटेत जोर बेताचाच असतो, त्यामुळे ही दुसरी बाजू विसरून चालत नाही.

म्हणून कमान किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे बघा. आपल्या कामाचा बोर्ड असा : मधला भाग जवळजवळ सपाट, आणि पुढच्या दीड-दोन फुटांत नोज ठळकपणे उचललेलं. सपाट मध्यामुळे कमकुवत लाटेत वेग मिळतो, उचललेल्या नोजमुळे टेक-ऑफ वाचतो. याउलट टोकापासून टोकापर्यंत एकसारखी केळ्यासारखी कमान असलेला बोर्ड खडी, जोराची लाट मागतो. इकडे तो रेंगाळतो.

मोजायचा कसा, ते नीट सांगतो, कारण हे घरी होतं आणि जुना बोर्ड घेताना फार उपयोगी पडतं. बोर्ड पालथा करून दोन उशांवर ठेवा, फिन काढून. स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याकडून दहा फुटी सरळ ॲल्युमिनियम सेक्शन तासाभरासाठी मागून आणा. तो स्ट्रिंगरवर बोर्डच्या लांबीने धरा, असा की त्याचा स्पर्श बोर्डच्या बरोब्बर मध्यावर होईल. बोर्ड ९ फुटी असेल तर टोकापासून साडेचार फुटांवर पेन्सिलीची खूण करा. आता सेक्शनपासून नोजच्या टोकापर्यंतची उभी फट पट्टीने मोजा, मग टेलची. दुसऱ्याला सेक्शन धरायला सांगा. एकट्याने मोजलं की तो हमखास कलतो आणि अर्धा इंच इकडचा तिकडे होतो. नोजची फट साधारण साडेचार ते सव्वापाच इंच आणि टेलची तीन-साडेतीन इंच आली की बोर्ड आपल्या कामाचा. नोजची फट ४ इंचांच्या खाली असेल तर तो सौम्य लाटेचा बोर्ड आहे, दिसायला कितीही देखणा असो. शेवटी नोजपासून २ फुटांवर तिसरं माप घ्या. तिथली फट जितकी कमी, तितकी जास्त कमान पुढच्याच भागात आहे.

पायरी ४ : नोज, टेल, रेल

रुंदीची मापं टोकापासून १२ इंच आत घेतात. नोज १७ ते १८ इंच घ्या. साडेअठरा-एकोणीस इंचांचं रुंद नोज, खाली बशीसारखा खोलगटपणा, हे नोजरायडर नावाच्या बोर्डचं लक्षण. टोकावर उभं राहण्यासाठीच तो बनतो. अशा बोर्डवर माणूस पुढे गेला तरी मागून टेलवरून वाहणारं पाणी ती दाबून धरतं, म्हणून बोर्ड पालटत नाही. त्याला लांब, उलगडत जाणारी लाट लागते. चार सेकंदांच्या लाटेत पुढे चालत जायलाच वेळ नसतो, आणि रुंद नोज खड्या उतारावर आधी पाणी गाठतं. पाय जमले, चालणं जमलं, की मग जरूर घ्या. लाँगबोर्डिंगची सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. पण दुसरा बोर्ड म्हणून.

आणखी एक जुना प्रकार हल्ली पुन्हा दिसतो, पिग. १९५५ मध्ये बोर्ड बनवणाऱ्या डेल वेल्झीने कॅलिफोर्नियात तो आणला. सर्वांत रुंद भाग मध्याच्या मागे, नोज अरुंद, टेल भरदार. मागच्या पायावर तो झटकन वळतो, आणि अरुंद नोज घुसत नाही. कल्पना बीच ब्रेकला धार्जिणी आहे. मात्र मूळ पद्धतीचे पिग जड असतात आणि त्यांची फिन टेलच्या अगदी काठावर असते. वजन उचलायची तयारी असेल तरच.

टेलचे चार आकार भेटतील. चौकोनी टेल रुंद असते, कमकुवत लाटेतही तरंगत ठेवते. टोकदार पिन टेल मोठ्या, पोकळ लाटेत घट्ट धरून राहते, पण मऊ लाटेत बुडते. गोल टेल वळायला मऊ. कोपरे गोलावलेली चौकोनी टेल, म्हणजे स्क्वॉश, या सगळ्यांच्या मध्ये बसते : रुंदीमुळे तरंगते, कोपऱ्यांमुळे वळते. क्लोजआउट समोर दिसला की लाटेच्या मागे पटकन निसटावं लागतं, आणि तिथे ही टेल कामी येते. १४ ते १५ इंच रुंदीची स्क्वॉश घ्या.

रेल डोळ्यांनी कळत नाही, हाताने कळते. नोजकडून टेलकडे तळवा कडेवरून फिरवा. पुढे कड अंड्यासारखी गोल, मऊ लागली पाहिजे. मध्याच्या मागे ती खाली झुकत जावी, आणि शेवटच्या दीड फुटात खालच्या बाजूला बोटाला धार जाणवावी. ही धार पाणी सोडवते, बोर्ड मोकळा होतो. पूर्ण लांबीभर गोल रेल असलेला बोर्ड पाणी धरून ठेवतो, सरळ छान जातो, वळायला वेळ घेतो.

पायरी ५ : फिन

फिन बसवायची खाच म्हणजे बॉक्स. एक मोठा बॉक्स मधे आणि दोन लहान बाजूंना, अशी सोय असलेलाच बोर्ड घ्या. मग मधे ७ इंची आणि बाजूंना साडेतीन इंची फिन लावून खड्या लाटेत पकड मिळते. मऊ दिवसांत बाजूच्या काढून मधे ९ इंची लावली की बोर्ड मोकळा फिरतो. एकाच बोर्डचे दोन बोर्ड होतात. एकच फिन असलेला बोर्ड इथल्या खड्या, छोट्या लाटेत टेकडीवरून उतरणाऱ्या सायकलसारखा मागून घसरतो.

फिनचा झुकाव बघा. मुंबईच्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत, त्या फिनला अडकतात. उभ्या फिनला पिशवी गुंडाळली की बोर्ड अचानक ब्रेक लावल्यासारखा मंदावतो आणि उठता उठता तोल जातो. मागे झुकलेल्या फिनवरून बरंचसं निसटून जातं. लाटेवर वेग का येत नाही हे कळेना, तर आधी खाली हात घालून फिन चाचपा.

मधली फिन बॉक्समध्ये पुढे-मागे सरकते. सुरुवातीला ती बॉक्सच्या मध्यावर ठेवा. बोर्ड वळायला आडमुठा वाटला तर अर्धा इंच पुढे घ्या. सरळ धरत नसेल तर अर्धा इंच मागे. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही, नाहीतर काय बदललं तेच समजत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचाच वापरा, दोन जास्तीचे जवळ ठेवा, आणि प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवा. ओहोटीच्या उथळ पाण्यात ९ इंची फिन वाळूत रुतली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि माणूस पुढे जातो, बॉक्सही चिरतो. पाणी गुडघ्यापर्यंत आलं की उतरा.

पायरी ६ : फोम कुठला, आणि जुना बोर्ड तपासणं

आत पॉलियुरेथेन असेल तर बोर्ड जरा जड, पाण्यात बसून चालणारा, वाऱ्यात स्थिर. ईपीएस असेल, म्हणजे आपला थर्माकोलच, चांगल्या प्रतीचा, तर हलका आणि तरंगता, पण भोक पडलं की पाणी भराभर पितो. हा फरक दुरुस्तीच्या वेळी जिवावर येतो. ईपीएसवर पॉलिस्टर रेझिन लावलं तर फोम वितळतो. होड्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या फायबरच्या कामात सहसा पॉलिस्टर रेझिनच असतं. म्हणून दुरुस्तीवाल्याकडे बोर्ड टाकण्याआधी आतला फोम कुठला ते त्याला सांगा. माहीत नसेल तर इपॉक्सी मागा, तो दोन्हींवर चालतो.

जुना बोर्ड उन्हात नेऊन तपासा. पायाला पकड यावी म्हणून वर घासलेलं वॅक्स खरवडून काढायला लावा, वॅक्सखाली भेगा लपतात. डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूला, जिथे छाती आणि पाय येतात तिथे अंगठ्याने दाबत जा. कवच आत-बाहेर होत असेल, टिचकी मारल्यावर आजूबाजूला टणक आवाज आणि तिथे पोकळ ठप्प आवाज येत असेल, तर कवचाचं कापड फोमपासून सुटलं आहे. हाताएवढा भाग सुटला असेल तर सौदा सोडा. पिवळेपणा वयाचा असतो, त्याला घाबरू नका. तपकिरी डाग पाण्याचा असतो. आडवी भेग स्ट्रिंगरला छेदून दोन्ही रेलपर्यंत गेली असेल तर तो बोर्ड एकदा मोडता मोडता राहिला आहे. फिनच्या बॉक्सभोवती केसासारख्या रेषा आहेत का, लीशची, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीची, खुंटी हलते का, एवढं बघून शेवटी वजन करा. पॉलियुरेथेनचा ९ फुटी बोर्ड साधारण ६ ते ९ किलो भरतो. तो त्याहून खूप जड निघाला तर आत पाणी आहे का ते विचारा.

जुहू किंवा गर्दीच्या कुठल्याही चौपाटीजवळ उतरणार असाल तर कडक बोर्ड नकोच. ९ फुटांचा बोर्ड आणि ९ फुटांची लीश मिळून साडेपाच मीटर त्रिज्येचं वर्तुळ होतं. तुम्ही पडलात की त्या वर्तुळातलं डोकं कुणाचंही असू शकतं. ९ फुटी सॉफ्ट टॉप आज वरच्या मापांत, ठीकठाक रॉकरसह मिळतो. पहिली दोन वर्षं तोच वापरायला काहीच हरकत नाही.

पायरी ७ : घरात मावेल का?

९ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. मुंबईतल्या बहुतेक फ्लॅटांत छत याच उंचीच्या आसपास असतं, म्हणजे बोर्ड उभा राहत नाही. लिफ्टमध्ये तिरका घालून बघायलाही मोजमाप लागतं, जिन्याच्या वळणावर तर लागतंच. म्हणून बोर्ड ठरवण्याआधी २७४ सेंटिमीटरची दोरी घ्या, दोघांनी ताणून धरा, आणि दारापासून खोलीपर्यंत चालत या. दोरी जिथे भिंतीला लागेल तिथे बोर्ड लागणार. बाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवायचा विचार सोडा, तो रस्ता आगीच्या वेळचा असतो. भिंतीवर, खिडकीच्या उन्हापासून लांब, दोन कापड गुंडाळलेल्या ब्रॅकेटवर आडवा ठेवणं सगळ्यात चांगलं. मे महिन्यात बंद गाडीत किंवा काळ्या कव्हरमध्ये गाडीच्या टपावर दोन तास राहिला की आतली हवा फुगते आणि कापड फोमपासून सुटतं. ते पुन्हा बसत नाही.

वॅक्स उष्ण पाण्याचं, ट्रॉपिकल म्हणून मिळतं तेच घ्या, खाली कडक बेस कोट लावून. घरातली मेणबत्ती घासू नका, ती पायाला पकड देण्याऐवजी घसरवते.

पायरी ८ : पहिल्या तीन फेऱ्या

शक्य असेल तर पैसे देण्याआधी तोच आकार भाड्याने घेऊन तीन वेळा उतरा. तिन्ही वेळा किनारा तोच आणि भरतीचा टप्पाही जवळपास तोच असू द्या.

पहिल्या फेरीत फक्त पॅडल करा. पोटावर झोपल्यावर नोज पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहिलं पाहिजे. नोज आभाळाकडे आणि टेल बुडालेली असेल तर तुम्ही मागे आहात. नोज पाणी कापत असेल तर पुढे. जमेल ती जागा सापडली की हनुवटी बोर्डवर जिथे येते तिथे वॅक्सने खूण करा. ही खूण नसेल तर पुढच्या फेऱ्यांत दोष तुमचा की बोर्डचा, ते कधीच ठरणार नाही.

दुसऱ्या फेरीत पंधरा लाटांवर टेक-ऑफ घ्या आणि बाहेर आल्यावर लगेच आकडे लिहा. खुणेवर झोपूनही पाच-सहा वेळा नोज घुसलं तर रॉकर कमी आहे किंवा नोज रुंद आहे. लाट खालून निघून गेली आणि बोर्ड मागेच राहिला, असं पाच-सहा वेळा झालं तर लिटर कमी आहेत किंवा कमान जास्त आहे. दोन्ही थोडं थोडं होत असेल तर बोर्ड ठीक आहे, जागा चुकते आहे. क्लोजआउटच्या मधोमध बसून वाट बघू नका, दांड्याच्या कडेला सरका. लाट आधी कुठे पांढरी होते ते बघा. त्या ठिकाणाच्या किंचित बाजूला उतार सौम्य असतो.

तिसऱ्या फेरीत वळायचा प्रयत्न करा. मागचा पाय फिनच्या वर ठेवून वजन टाका. बोर्ड हलतच नसेल तर फिन अर्धा इंच पुढे घेऊन पुन्हा बघा. तरीही नाहीच हलला तर टेल तुमच्या वजनाला फार रुंद आहे, तेरा-साडेतेरा इंचांचा पर्याय मागा. मागचा भाग सटकत असेल तर बाजूच्या फिन लावलेल्या आहेत ना, याची आधी खात्री करा. भाड्याच्या बोर्डवर त्या पुष्कळदा हरवलेल्या असतात.

मोठा पाऊस पडून गेल्यावर ही चाचणी दोन-तीन दिवस पुढे ढकला. नाले आणि खाड्यांचं पाणी किनाऱ्याला आलेलं असतं. पायाला जखम असेल तर उतरूच नका.